दोन सेलांचा पंप

संपादकांनी यंदा ‘हाताशी असलेली यंत्रे’ असा विषय कळवला. मोबाइल आणि मिक्सरवर लिहिणारे पुष्कळ निघतील, हे गृहीत धरून मी छत्रपती संभाजीनगरातल्या जाफर गेटच्या आठवडी बाजाराची वाट धरली. जुने पाने, मोटारींचे ब्रश, कुलपे, नळाच्या तोट्या, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे ढीग. त्यातच एका ताडपत्रीवर पारदर्शक पिशव्यांत गुंडाळून ठेवलेले प्लास्टिकचे पंप पडलेले होते. वर सेल घालायचा डबा, खाली जाणारी एक ताठ नळी, बाजूला घड्या पडलेली दुसरी लवचिक नळी. किंमत दोन-तीनशे रुपये, घासाघीस करू तेवढी कमी. पाकिटावर पाणी, डिझेल, रॉकेल सगळ्यांची चित्रे.

“पेट्रोल चालेल का?” मी विचारले.

“साहब, पेट्रोल नक्को,” विक्रेता म्हणाला. कारण विचारले तर त्याने खांदे उडवले. “कंपनीनं लिवलंय.” पाकीट उलटून पाहिले. तिथे एका कोपऱ्यात बारीक अक्षरात खरेच तसे लिहिलेले होते, आणि तेही चिनी भाषेच्या शेजारी.

घेणारे कोण, याची चौकशी केली. त्याच्या हिशेबाने गिऱ्हाईक दोन प्रकारचे. एक खेड्यातला, ट्रॅक्टरवाला. दुसरा शहरातला, ड्रमवाला. पुढचे सगळे या दोघांच्या मागे जाऊन पाहिलेले आहे.

कॅन आणि तोंड

फुलंब्री तालुक्यातला एक शेतकरी. कपाशी, थोडी मका, एक ट्रॅक्टर. पेट्रोल पंप गावापासून लांब, त्यामुळे डिझेल पस्तीस लिटरच्या कॅनमध्ये आणून गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवायचे. डिझेल पाण्यापेक्षा हलके असले तरी भरलेला कॅन साधारण २९ किलो भरतो. ट्रॅक्टरच्या टाकीचे तोंड बोनेटवर, छातीच्या उंचीला. नरसाळे लावून कॅन तिथवर उचलून वाकडा धरायचा म्हणजे दोन माणसांचे काम, आणि तरी चार घोट डिझेल बोनेटवरून खाली मातीत जाणारच.

एकटा माणूस असेल तर दुसरी रीत. कॅन ट्रॉलीच्या कडेवर किंवा भिंतीवर चढवायचा, पारदर्शक नळीचे एक टोक आत सोडायचे, दुसऱ्या टोकाला तोंड लावून ओढायचे. डिझेल नळीत दिसू लागले की झटकन टाकीत खुपसायचे. “झटकन” हा शब्द सगळेच वापरतात. चुकले की तोंड भरते. त्या शेतकऱ्याच्या वडिलांनी आयुष्यभर असेच डिझेल काढले. त्यांना विचारले तर म्हणाले, “थुकायचं, गूळ खायचा, कामाला लागायचं. त्याला काय होतंय?”

होते ते पोटात कमी आणि छातीत जास्त. डिझेल, रॉकेल ही पातळ, ओशट द्रव्ये. गिळताना किंवा ठसका लागताना त्यांचा थोडासा अंश श्वासनलिकेत उतरला तर तो फुफ्फुसात पसरत जातो आणि तिथल्या नाजूक पडद्याला सूज आणतो. डॉक्टर याला रासायनिक न्यूमोनिया म्हणतात. खोकला, ताप, धाप ही लक्षणे काही तासांनीही दिसू लागतात, म्हणून सुरुवातीला “बरं वाटतंय” याला फारसा अर्थ नसतो. घरगुती उपाय म्हणून मिठाचे पाणी पाजून उलटी करवतात, ते तर अगदी उलट आहे. उलटीबरोबर तेच द्रव्य पुन्हा वर येते आणि श्वासनलिकेत शिरायला दुसरी संधी मिळते. उलटी करवू नये, दवाखाना गाठावा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवलेले रॉकेल लहान मुलांनी पिण्याचे प्रसंग आपल्याकडच्या बालरोग विभागांना जुने ओळखीचे आहेत.

त्या शेतकऱ्याच्या घरात आता सेलवरचा पंप आहे. मुलाने आणला. कॅन जमिनीवरच राहतो, ताठ नळी आत जाते, लवचिक नळी टाकीत, बटण दाबले की बारीक घरघर सुरू. ताज्या सेलांवर मिनिटाला सहा-सात लिटर, असे पाकीट सांगते. डिझेल पाण्यापेक्षा थोडे चिकट, त्यामुळे वेग त्याहून कमी पडतो. कॅन रिकामा होईपर्यंत मुलगा एअर फिल्टर झटकून घेतो. वडील शेजारी उभे राहून बघतात आणि म्हणतात, “लई हळू चालतंय.”

हळू चालते हे खरेच आहे. पण २९ किलो उचलणे गेले आणि तोंड लावणे गेले. पैशाच्या हिशेबात यातले काही दिसत नाही, म्हणून हा पंप ‘फालतू वस्तू’ म्हणून ताडपत्रीवर विकला जातो.

आत काय फिरते

एक पंप मी उघडून पाहिला. वरच्या डब्यात टॉर्चचे दोन मोठे सेल, म्हणजे तीन व्होल्ट. तिथून दोन तारा ताठ नळीतून खाली उतरतात. तळाशी अंगठ्याएवढी मोटार, तिच्या आसावर चार पात्यांची प्लास्टिकची फिरकी. फिरकी द्रवाला बाहेर भिरकावते, तो नळीत चढतो. ओढणे जवळजवळ नाही, ढकलणेच आहे. म्हणूनच फिरकी द्रवात बुडालेली असावी लागते. वर हवेत धरून चालवली तर नुसती घरघर होते. काही नमुन्यांत मोटार वरच्या डब्यात असते आणि एक लांब काडी खालची फिरकी फिरवते.

कागदावरचा हिशेब गमतीचा निघतो. दोनशे लिटरचा ड्रम एक मीटर वर चढवायला सुमारे दोन हजार ज्यूल लागतात, म्हणजे अर्ध्या वॉट-तासाच्या आसपास. दोन मोठ्या सेलांत याच्या कितीतरी पट ऊर्जा साठलेली असते. मग चार-दोन ड्रमांतच पंप का धापा टाकू लागतो? ऊर्जेचा मोठा भाग ढिल्या बसवलेल्या फिरकीत, मोटारीच्या ब्रशात आणि घड्यांच्या नळीतल्या घर्षणात जातो. शिवाय साधा जस्त-कार्बन सेल मोठा प्रवाह द्यायला लावला की त्याचा दाब खाली बसतो. थोडा वेळ विसावा दिला की तो पुन्हा चालतो, आणि लोकांना वाटते पंप ‘गरम झाला होता’. अल्कलाइन सेल घातले तर फरक लगेच कळतो, पण दोन सेलांची किंमत पंपाच्या किमतीच्या जवळ जाते आणि मग कोणी घालत नाही.

हाताने दाबायच्या फुग्याचा पंप याचा थोरला भाऊ. जपानमध्ये थंडीत पुष्कळ घरांत रॉकेलचे हीटर, त्यामुळे तिथे असा पंपही पुष्कळ घरांत. योशिरो नाकामात्सु नावाचे जपानी संशोधक तो आपण चौदाव्या वर्षी शोधला असे सांगत. आईला थंडीत जड बाटलीतून सोया सॉस ओतताना होणारा त्रास पाहून सुचले, अशी त्यांची कथा. ती किती खरी यावर वाद आहेत. आपल्याकडे रेशनच्या रॉकेल दुकानात बॅरलवर बसवलेला हातपंप आणि खालचे पत्र्याचे माप ज्यांना आठवते, त्यांना हे यंत्र नवे वाटायचे कारण नाही.

ड्रमांचे शहर

आता दुसरे गिऱ्हाईक.

छत्रपती संभाजीनगरात घराची ऐपत दारापुढच्या निळ्या ड्रमांवरून कळत नाही, पण पाण्याचा दिवस कोणता हे नक्की कळते. आदल्या दिवशी ड्रम आडवे करून धुतलेले दिसतात. शहराला पाणी जायकवाडीचे. धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते. साठा शंभर टीएमसीच्या पुढे. धरण भरल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात, दरवाज्यातून सुटलेले पाणी बघायला लोक पैठणला गाड्या काढतात, आणि घरी परत येऊन नळाला पाणी कधी येणार हे शेजाऱ्याला विचारतात. कितीतरी वसाहतींना पाच-सहा, काहींना आठ किंवा त्याहूनही जास्त दिवसांच्या अंतराने पाणी, ही इथली वर्षानुवर्षांची रीत आहे.

कारण उंचीत आहे आणि नळीत आहे. जायकवाडीच्या जलाशयाची, म्हणजे नाथसागराची, पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून १५२२ फूट. शहर त्याहून सुमारे शंभर मीटर उंचावर. सगळे पाणी पंपांनी चढवायचे, तेही वर्षानुवर्षे प्रामुख्याने सत्तरच्या आणि नव्वदच्या दशकांतल्या ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या दोन जलवाहिन्यांतून. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच पावणेबारा लाख होती. मध्ये ‘समांतर’ जलवाहिनीची योजना आली आणि रखडून बारगळली. मग १६८० कोटींची नवी योजना, डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन, पुढे तीच २७४० कोटींवर. तिची मुख्य वाहिनी अडीच मीटर व्यासाची, माणूस ताठ चालत जाईल अशी. दरम्यान जायकवाडीच्या पंपगृहात वीज गेली की शहराचे वेळापत्रक एक दिवस पुढे ढकलले जाते. म्हणजे ज्याचा सोमवार होता त्याचा मंगळवार.

शंभर मीटर चढवण्याचे काम महापालिकेचे. शेवटचा एक मीटर घरातल्या बाईचा. ड्रम दारात, स्वयंपाकघर आत, न्हाणीघर मागे. गुंठेवारी वसाहतीतल्या एका घरात मी हे पाहिले. टँकरवाला मोठ्या नळीने ड्रम भरून जातो. पहिले शंभर लिटर सोपे, तांब्याने घेता येतात. पाणी अर्ध्याखाली गेले की कंबरेत वाकावे लागते, आणि तळातले काढायला ड्रम कलंडवावा लागतो. त्या घरातल्या ताईंना मणक्याचा त्रास. डॉक्टरांनी वाकू नका सांगितले. “वाकू नको म्हणायला काय जातंय, ड्रम कोण उपसणार?” असे म्हणत त्यांनी पंप सुरू करून दाखवला. बादली भरेपर्यंत त्या नळी हातात धरून उभ्या राहतात, सरळ. त्यांच्या सासूबाई लांबून म्हणाल्या, “आमच्या वेळेला नव्हतं असलं काही.” सूनबाईंनी उत्तर दिले नाही, बादली बदलली.

चांगली वस्ती असेल तर जमिनीत हौद असतो, वर टाकी असते, मध्ये अर्ध्या अश्वशक्तीची विजेची मोटार. काहीजण तीच मोटार थेट नळाला जोडतात आणि शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढून घेतात. महापालिकेची पथके या मोटारी जप्त करत फिरतात. सेलवरचा पंप या भांडणात नाही. त्याची ताकद नळातून पाणी ओढण्याइतकी नाहीच. आपलेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, एवढाच त्याचा अधिकार.

बटण बंद, पाणी चालू

ताईंच्या घरातच एक गोष्ट दिसली आणि मला फार आवडली. बादली भरली, त्यांनी बटण बंद केले, तरी पाणी येतच राहिले. त्यांनी सवयीने नळीचे टोक वर उचलले आणि धार थांबली.

ड्रममधल्या पाण्याची पातळी वर, बादलीतले टोक खाली, नळी पाण्याने भरलेली. मोटार थांबली तरी नळीच्या खाली उतरलेल्या बाजूचे पाणी मागच्या पाण्याला ओढत राहते. फिरकी म्हणजे काही झडप नव्हे, ती फक्त सुरुवात करून देते. हा साधा वक्रनलिकेचा नियम. जाणता माणूस याचा फायदा घेतो. पाच सेकंद पंप चालवून बंद करतो आणि उरलेले काम गुरुत्वाकर्षणावर सोडतो, सेल वाचतात. अजाणता माणूस बटण बंद करून फोन घ्यायला आत जातो. बादलीतून पाणी सांडले तर फरशी ओली होते. टाकीतून डिझेल सांडले तर प्रकरण वेगळे. टाकी कॅनच्या खाली असेल तर बटण बंद करताच नळीचे टोक वर उचलायचे.

चार शतकांपूर्वी या शहराचे सगळे पाणी अशाच हिशेबावर चालत होते. खडकी गावाच्या जागी हे शहर वसवणाऱ्या मलिक अंबरने उत्तरेकडच्या डोंगरपायथ्यातून नहर-ए-अंबरी आणली, जमिनीखालच्या वाहिन्यांतून, उताराच्या बळावर. वाटेत खोलगट भाग आला की पाणी खाली उतरून पलीकडे चुन्यातल्या उभ्या मनोऱ्यांत पुन्हा चढते. सुरुवातीच्या उंचीपेक्षा वर मात्र जात नाही. पाणचक्कीचे पाणीही हर्सूलच्या बाजूने मातीच्या नळांतून येई आणि उंचावरून पडून जाते फिरवी. ना सेल, ना वीज. पुढे पाणी डोंगरातून खाली आणायचे सोडून धरणातून वर चढवायचे ठरले, आणि शहर विजेच्या बिलाला बांधले गेले. वाढत्या वस्तीला नहर पुरली नसती हे उघड आहे, पण नहरीच्या वाटेवर बांधकामे चढवण्याची सक्ती कोणी केली नव्हती.

आठवडा आणि डास

पंपाचे पोट तळाला टेकले तरी शेवटचे दोन बोटे पाणी तो उचलत नाही. फिरकीच्या तोंडाशी हवा आली की संपले. लोक ते तसेच ठेवून वर नवे पाणी घेतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो ती भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. अंड्याचा डास व्हायला उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. पाणी येण्याचे अंतर आणि हे दिवस शेजारी ठेवून बघा. आरोग्य कर्मचारी ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणून दारोदार सांगतात त्याचे कारण हेच. पंपाने ड्रम ‘रिकामा’ झाला तरी तो कलंडवून आतून घासावाच लागतो, कारण अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात.

फवारणीच्या पंपातले धन

खेड्यात डिझेल-पाणी काढण्याच्या याच कामाला आणखी एक यंत्र वापरतात, आणि माझ्या मते ते सरस आहे. कपाशीच्या पट्ट्यात पाठीवरचा चार्जिंगचा फवारणी पंप आता घरोघरी आहे. सोळा-अठरा लिटरची टाकी, बारा व्होल्टची बॅटरी आणि आत लहानसा पडद्याचा पंप. रबरी पडदा पुढे-मागे हलतो, झडपा उघडमिट करतात. हा पंप कोरडा असला तरी स्वतः ओढून घेतो. त्यामुळे मोटार द्रवात बुडवावी लागत नाही, उंचीही जास्त गाठतो. टाकी फुटली की शेतकरी आतला पंप काढून फळीवर बसवतात, दोन चिमटे लावतात आणि ट्रॅक्टरच्या किंवा मोटारसायकलच्या बॅटरीवर चालवतात. सुटा नवा पंपही कृषी सेवा केंद्राच्या शेजारच्या दुरुस्तीच्या दुकानात काही शेकड्यांत मिळतो.

पण ज्या पंपातून कीटकनाशक गेले, तो पिण्याच्या पाण्याला कधीच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विष अंगावर आणि श्वासात गेलेले होते. रबरी पडद्यात आणि झडपांत मुरलेले औषध चार पाण्यांनी निघत नाही. एका वस्तीवर मी असा पंप जनावरांच्या हौदाला लावलेला पाहिला. मालक म्हणाला, “धुतलाय की.” बैलाला बोलता येत नाही, एवढेच त्यावर म्हणता येईल.

दोन चिमट्यांबद्दलही एक सूचना. शिशाच्या बॅटरीतून चार्ज होताना हायड्रोजन निघतो. चिमटा लावताना उडणारी ठिणगी बॅटरीच्या झाकणांजवळ आणि उघड्या कॅनजवळ नको. मध्ये एक बटण आणि फ्यूज बसवायला शंभर रुपयेही लागत नाहीत. जुगाड करणाऱ्यांत हे शंभर रुपये वाचवणारेच जास्त भेटले.

पेट्रोल का नको

बाजारातल्या विक्रेत्याला जे सांगता आले नाही ते असे. द्रवाच्या वर पेट घेईल इतकी वाफ ज्या तापमानाला जमते, तो त्याचा प्रज्वलनबिंदू. आपल्याकडच्या डिझेलसाठी तो किमान ३५ अंश सेल्सिअस ठरवलेला आहे. पेट्रोलचा शून्याच्या खाली चाळीस अंशांच्या आसपास. म्हणजे पेट्रोल आपल्या हवेत, अगदी डिसेंबरच्या पहाटेही, पेटायला तयारच असते. त्याची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती जमिनीलगत सरपटत चुलीपर्यंत किंवा देवापुढच्या दिव्यापर्यंत जाते. आणि स्वस्त पंपाच्या मोटारीत ब्रश असतात, ते फिरताना सतत बारीक ठिणग्या पडतात. बटणातही ठिणगी. प्लास्टिकच्या नळीतून वाहताना स्थिर वीज साठते ती वेगळीच. द्रवात बुडालेली मोटार पेटत नाही, तिथे हवा नसते. कॅनच्या तोंडाशी मात्र वाफ, हवा आणि बटण तिन्ही हजर असतात.

डिझेलवाल्यांनीही यावरून निश्चिंत होऊ नये. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीतला कॅन ३५ अंशांच्या पुढे सहज जातो. भर दुपारी, बंद खोलीत हे काम करू नये.

१९३४ चा पेट्रोलियम कायदा हाच भेद मानतो. पेट्रोल ‘अ’ वर्गात, डिझेल-रॉकेल ‘ब’ वर्गात. ‘ब’ वर्गाचे २५०० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवता येते, मात्र एका भांड्यात हजार लिटरच्या वर नको. ‘अ’ वर्गाची सवलत फक्त ३० लिटरची, तीही विकण्यासाठी नसेल तरच. गावोगावी टपरीवर बिसलेरीच्या बाटल्यांत विकले जाणारे पेट्रोल यात कुठेच बसत नाही.

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉलही आहे. स्वस्त नळ्या आणि रबरी चकत्या त्यात फुगतात, नाहीतर कडक होऊन तडकतात. आपल्याच शेतातले इथेनॉल, तरी त्याला दया नाही.

उलट दिशेचाही धोका आहे. पाण्यात वापरलेला ओला पंप डिझेलच्या कॅनमध्ये घातला तर घड्यांच्या नळीत अडकलेले पाणी टाकीत जाते. नव्या इंजिनांचे इंजेक्टर अत्यंत बारीक छिद्रांचे, त्यांना पाणी आणि कचरा सोसत नाही. दोनशे रुपयांचा पंप हजारोंचे काम काढून ठेवू शकतो.

घेणाऱ्यासाठी

पंप घ्या. कंबर आणि फुफ्फुस या दोन्हींपेक्षा तो स्वस्त आहे. मात्र डिझेल आणि पाणी दोन्ही हाताळायचे असेल तर दोन घ्या, वेगळ्या रंगांचे, आणि वेगळ्या खोल्यांत टांगा. पिण्याच्या पाण्यासाठी यांपैकी कोणताही नको. जारवर बसणारा, चार्जिंगचा, खाद्यपदार्थांना चालणाऱ्या सिलिकॉन नळीचा पंप वेगळा मिळतो, तोही आठवड्याला धुवावा. काम झाले की सेल काढून ठेवा, नाहीतर ते आतच पाझरतात आणि पुढच्या वेळी पंप ‘बिघडलेला’ निघतो. नळीत उरलेले पाणी झटकून ती उभी टांगा. ड्रम औद्योगिक वसाहतीतला जुना असेल तर आधी त्यात काय होते ते विचारा, आणि उत्तर मिळाले नाही तर तो घेऊ नका. पेट्रोलला हा पंप लावू नका. आणि घरातले कोणी अजूनही नळीला तोंड लावून डिझेल ओढत असेल, तर या दिवाळीला त्यांना हाच पंप नेऊन द्या, सोबत दोन चांगले सेल.